ब्रेकचा एकच पॅड का झिजतो?



व्याख्यानमालेच्या चालकांनी माझ्याकडे विषय मागितला, तेव्हा मी 'मोटारसायकलच्या ब्रेकचे पॅड' असे उत्तर दिले. ते क्षणभर गप्पच राहिले. युनियनच्या माणसाने पगारवाढीवर बोलावे, कायद्यावर बोलावे, फार तर चळवळीच्या आठवणी सांगाव्या, अशी त्यांची अपेक्षा असणार. तीत गैर काही नाही. परंतु न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, तो चार लोकांनी एकत्र बसून उपयोगाचे ज्ञान ऐकावे आणि त्यावर विचार करावा यासाठीच, असे मी समजतो. आज या सभागृहाबाहेर शेदीडशे दुचाक्या उभ्या असतील. त्यांवरून आपल्यापैकी पुष्कळजण रात्री घरी जातील. ते सुखरूप घरी पोचणे हे काड्यापेटीएवढ्या दोन तुकड्यांवर अवलंबून आहे. त्या तुकड्यांविषयी तासभर बोलणे अगदीच वाया जाणार नाही.

मी इंजिनिअर नव्हे. कारखान्यात फिटरच्या हाताखाली जे पाहिले, पुढे पुस्तकांतून जे वाचले आणि अलीकडे मोटारसायकलवरून घरोघर माल पोचवणाऱ्या मुलांच्या संघटनेचे काम करताना जे हाताळले, तेवढ्याच्या आधारावर मी बोलणार आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात जेवणाचे डबे पोचवणारा आमचा एक तरुण सभासद प्लॅस्टिकच्या पिशवीत काहीतरी घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, आठ महिन्यांत पुढच्या ब्रेकचा हा तिसरा सेट. पहिल्या वेळी गॅरेजवाला म्हणाला, पॅड हलका होता, ओरिजिनल टाका. ओरिजिनल टाकला. दुसऱ्या वेळी म्हणाला, तुम्ही ब्रेक फार दाबता. आता काय करू?" मी पिशवी टेबलावर उपडी केली. दोन पॅड निघाले. एकाची झीज लोखंडी पाठीपर्यंत पोचली होती. दुसऱ्यावरचा मसाला जवळजवळ नव्यासारखा होता.

आता विचार करा. दोन्ही पॅड एकाच पाकिटातून निघाले, एकाच दिवशी एकाच चाकावर बसले आणि त्यांना दाबणारा हातही एकच. माल हलका असता, तर दोघेही सारखेच झिजले असते. मुलगा ब्रेक जोराने दाबत असता, तरीही दोघेच झिजले असते. मग एक संपला आणि दुसरा तसाच राहिला, याचे कारण पॅडमध्येही नाही आणि मुलाच्या हातातही नाही. ते दुसरीकडे कुठेतरी आहे. झिजलेला पॅड हा त्या कारणाचा साक्षीदार आहे. आपण मात्र त्याची साक्ष न घेताच त्याला कचऱ्यात टाकतो आणि नवा साक्षीदार आणून बसवतो.

ब्रेक चालतो कसा

निदान करावयाचे तर प्रथम निरोगी शरीर कसे चालते हे माहीत हवे. चाकाबरोबर फिरणारी पोलादी चकती म्हणजे डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा, चिमट्यासारखा जो भाग असतो, तो कॅलिपर. कॅलिपरच्या आत डिस्कच्या दोन अंगांना दोन पॅड असतात. आपण हँडलवरची मूठ दाबली, की मास्टर सिलिंडरमधल्या द्रवावर दाब पडतो. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व ठिकाणी सारखाच पोचतो, हा पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात सांगितलेला नियम. त्या दाबाने कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो आणि पॅडला डिस्कवर दाबतो.

येथवर सर्वांना ठाऊक असते. पुढची गोष्ट मात्र बहुतेकांच्या लक्षात आलेली नसते. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटारसायकलींत पिस्टन कॅलिपरच्या एकाच बाजूला असतो. तो एक असेल किंवा शेजारी शेजारी दोन असतील, पण बाजू एकच. मग समोरच्या पॅडला कोण दाबते? पिस्टनने आपल्या बाजूचा पॅड डिस्कवर रेटला, की त्याच्या उलट धक्क्याने कॅलिपरचे सबंध अंग मागे सरकते आणि जाताना समोरच्या पॅडला डिस्कवर ओढून घेते. हे सरकणे दोन गुळगुळीत पिनांवर होते. त्या पिनांना ग्रीस लावलेले असते आणि पाणी-धूळ आत जाऊ नये म्हणून त्यांवर रबरी टोप्या असतात. सबंध न्याय या दोन पिनांवर आहे. त्या मोकळ्या असतील, तर दोन्ही पॅड सारखा भार घेतात. त्या अडकल्या, तर एकच घेतो.

मूठ सोडल्यावर पिस्टन मागे कोण आणते, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. स्प्रिंग तेथे नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचे एक रबरी सील असते. पिस्टन पुढे जाताना ते किंचित पिळते आणि दाब गेला की पीळ सोडून पिस्टनला केसभर मागे घेते. पॅड जसजसा झिजतो, तसतसा पिस्टन सीलमधून पुढे सरकत राहतो. म्हणूनच वरच्या टाकीतली द्रवाची पातळी हळूहळू उतरते. ती उतरलेली दिसली, की पुष्कळजण वरून भर घालतात. तसे करण्याआधी पॅड पाहावेत. ती पातळी पॅडचेच वय सांगत असते.

झीज वाचावी कशी

आरंभीच एक इशारा देतो. सर्वच विषमता दोषाची नसते. ज्यांच्याकडे जुन्या पद्धतीचा ड्रम ब्रेक आहे, त्यांनी दोन शू काढून पाहिले तर एक अधिक झिजलेला दिसेल. चाकाच्या फिरण्याने जो शू ड्रममध्ये आपोआप ओढला जातो, तो अधिक काम करतो. ती रचनाच तशी आहे. डिस्क ब्रेकच्या पॅडमध्येही डिस्क ज्या टोकाकडून आत शिरते, ते टोक किंचित अधिक झिजू शकते. माझा साधा हिशेब असा, की फरक शोधण्यासाठी डोळे ताणावे लागत असतील, तर तो सोडून द्यावा. एकाची जाडी दुसऱ्याच्या निम्म्यावर आली असेल, तर कारण सापडल्याखेरीज नवे पॅड बसवू नयेत.

आता मुख्य प्रकार पाहू.

पहिला प्रकार, पिस्टनकडचा पॅड संपला आणि समोरचा शाबूत. आमच्या मुलाचा हाच. याची संभाव्य कारणे दोन. पिना गंजल्या असतील, तर कॅलिपरचे अंग सरकत नाही. पिस्टन आपल्या पॅडला दाबतो, पण समोरचा पॅड नुसता स्पर्श करून राहतो. ब्रेकची ताकद घटते, म्हणून स्वार मूठ अधिक आवळतो आणि काम करणारा पॅड अधिकच झिजतो. "तुम्ही ब्रेक फार दाबता" हे गॅरेजवाल्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याने परिणामाला कारण मानले, एवढीच चूक. दुसरी शक्यता अशी, की पिना मोकळ्या आहेत, पण पिस्टन मागे येत नाही. त्याच्यावर गंज किंवा चिखलाचा थर बसला आहे, किंवा सील म्हातारे झाले आहे. मग मूठ सोडली तरी पॅड डिस्कला घासत राहतो.

दुसरा प्रकार याच्या उलट. समोरचा पॅड संपला, पिस्टनकडचा शाबूत. येथे कॅलिपरचे अंग ओढले गेले, पण परत गेले नाही. पिना अर्धवट अडकल्या आहेत, किंवा तो पॅड आपल्या खाचेत गंजाने रुतून बसला आहे.

तिसरा प्रकार पाचरीसारख्या झिजेचा. एकाच पॅडचे एक टोक जाड आणि दुसरे पातळ. शेजारी शेजारी दोन पिस्टन असतील, तर त्यांतला एक अडकल्याची ही खूण असू शकते. दोन्ही पॅड पाचरीसारखे झिजले असतील आणि त्यांचे उतार परस्परविरुद्ध असतील, तर सबंध कॅलिपर तिरका बसतो आहे असे समजावे. एक पिन मोकळी आणि दुसरी अडकलेली, बोल्ट सैल, किंवा पॅड जागेवर धरणारी पत्र्याची स्प्रिंग मागच्या दुरुस्तीत बसवायचीच राहून गेली, अशी कारणे त्यामागे असतात.

चौथा प्रकार, दोन्ही पॅड सारखेच झिजले, पण फार लवकर. याला विषम झीज म्हणता येत नाही, तथापि निदान करताना तो ओळखता आला पाहिजे. मागच्या ब्रेकच्या पेडलवर सतत पाय ठेवून चालवण्याची सवय, मुठीला खेळ न ठेवणे, टाकी काठोकाठ भरणे, किंवा मास्टर सिलिंडरमधले परतीचे बारीक छिद्र बुजणे, यांपैकी काहीतरी असते. छिद्र बुजले की मूठ सोडल्यावरही दाब नळीतच कोंडून राहतो.

तपासणीचा क्रम

गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी आणि तपासायचे चाक जमिनीपासून अधांतरी करावे. डिस्क थंड असावी. ब्रेक दाबून सोडावा आणि चाक हाताने फिरवावे. हलकी खसखस चालते, पण चाक लगेच अडखळून थांबत असेल तर काहीतरी धरून बसले आहे. मग बॅटरीच्या उजेडात दोन्ही पॅड पाहावेत. बहुतेकजण बाहेरून सहज दिसणारा पॅड पाहून समाधान मानतात. फसगत होते ती तेथेच. दडलेला पॅड वाकून, समोरून किंवा मागून, पाहिलाच पाहिजे. पॅडवर झिजेची मर्यादा सांगणारी खाच असते. ती पुसट झाली की पॅड संपला. डिस्कवरही कमीत कमी किती जाडी राहिली पाहिजे तो आकडा कोरलेला असतो. तो व्हर्निअरने पडताळावा.

यानंतर कॅलिपर उतरवून त्याचे अंग पिनांवर हाताने पुढेमागे सरकवून पाहावे. ते हाताच्या जोराने, अडखळल्याशिवाय सरकले पाहिजे. सरकत नसेल तर गुन्हेगार सापडला. सरकत असेल, तर पिस्टन हलकेच मागे ढकलून पाहावा. टाकीतला द्रव त्या वेळी वर चढतो, तो सांडू देऊ नये, कारण तो रंग खातो. पिस्टन झटके देत जात असेल, तर दोष त्याच्यात किंवा त्याच्या सीलमध्ये.

चाक धरलेलेच राहत असेल आणि दोष कॅलिपरमध्ये की वरच्या मास्टर सिलिंडरमध्ये, असा संशय असेल, तर जाणते मेकॅनिक एक सोपी परीक्षा करतात. चाक धरलेले असतानाच कॅलिपरवरचा हवा काढण्याचा स्क्रू किंचित सैल करतात. चाक तत्काळ मोकळे झाले, तर दाब द्रवात कोंडला होता, म्हणजे दोष वर आहे. चाक तसेच अडले, तर दोष खाली कॅलिपरमध्ये. एवढ्या परीक्षेने नको ते भाग बदलण्याचा खर्च वाचतो. मात्र नंतर आत शिरलेली हवा काढणे आवश्यक असते, म्हणून ज्याला ते येते त्यानेच हे करावे.

काढलेल्या पॅडच्या पाठीवर खडूने कोणता कोणत्या बाजूचा ते लिहावे. ते एकदा पिशवीत मिसळले की निम्मी साक्ष नाहीशी झाली.

काही गोष्टी मुळीच करू नयेत. पॅड बाहेर असताना मूठ दाबू नये, पिस्टन बाहेर येऊन पडतो. रबरी भाग पेट्रोलने, रॉकेलने किंवा इंजिन ऑइलने पुसू नयेत, ते फुगतात आणि आजचा उपाय उद्याचा आजार होतो. पिनांना रबराला न बाधणारे, ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे, आणि पॅडच्या किंवा डिस्कच्या घासणाऱ्या पृष्ठभागाला त्याचा बोटभरही डाग लागू देऊ नये. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो, ते इंजिनच्या तेलासारखे तेल नव्हे. नेहमीच्या वापरातला द्रव हवेतला ओलावा शोषतो. डॉट ४ जातीचा कोरडा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषलेल्या द्रवासाठी हीच मर्यादा १५५ अंश धरलेली आहे. आमच्या उपनगरांच्या दमट हवेत तो सुमारे दोन वर्षांनी बदलणे शहाणपणाचे. आणि नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवण्यापूर्वी मूठ पुनःपुन्हा दाबून घट्ट लागेपर्यंत थांबावे. पहिल्या दाबाला मूठ नुसती हँडलला टेकते. हे विसरून फाटकाबाहेर पडलेल्या माणसाला ते पहिल्या वळणावर आठवते.

१ एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात १२५ सीसीहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले आणि त्याखालच्या गाड्यांना निदान दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी रचना. ही सुधारणा चांगलीच आहे. परंतु एबीएसला चाक थांबून घसरू लागले एवढेच कळते. दोन पॅडपैकी कोणता पातळ झाला, हे त्याला कळत नाही. ते माणसानेच वाकून पाहावयाचे आहे.

भुकटीची गोष्ट

पॅड झिजतो म्हणजे त्याची भुकटी होते. ती जाते कुठे? थोडी डिस्कवर, थोडी रस्त्यावर आणि थोडी मेकॅनिकच्या छातीत. या प्रश्नाशी आपल्या उपनगरांचा जुना संबंध आहे.

लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्याच्या ब्रेकमध्ये धातूवर धातू घासून कर्कश आवाज निघे. त्यावर हर्बर्ट फ्रूड याने अॅस्बेस्टॉसचे अस्तर लावण्याचा तोडगा काढला असे सांगतात. या फ्रूडने १८९७ साली सुरू केलेल्या धंद्यातून फेरोडो हे नाव पुढे आले, आणि त्याच नावाचा हिंदुस्थान फेरोडो हा कारखाना आपल्या घाटकोपरला लालबहादूर शास्त्री मार्गावर एके काळी ब्रेकची अस्तरे बनवीत असे. त्याच रस्त्याने पुढे भांडुपला गेले की ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया हा कारखाना होता. लँब्रेटा स्कूटर तेथे तयार होई. म्हणजे गाडी आणि तिचा ब्रेक, दोन्ही या पट्ट्यातल्या कामगारांनी घडवले आहेत.

त्या काळी जगभर ब्रेकच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असे. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि आजार वीस-तीस वर्षांनी उघडा पडतो. तेव्हा कामगार निवृत्त झालेला असतो आणि दमा समजून औषध घेत असतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये अॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात निकाल देताना कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षे किंवा काम सुटल्यावर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर प्रत्येकाच्या प्रकृतीची नोंद ठेवावी, असा आदेशही दिला. येथेही झीज झालेली होती, ती वाचणारा कोणी नव्हता, म्हणून ती वाचण्याची सक्ती न्यायालयाला करावी लागली.

आज चांगले पॅड अॅस्बेस्टॉसविरहित म्हणून विकले जातात. पाकिटावर तसे लिहिलेले नसेल, तर ते घेऊ नयेत. आणि भुकटी कसलीही असो, ती तोंडाने फुंकू नये, हवेच्या पाइपाने उडवू नये. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसून घ्यावी. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये हवेचा पाइप घेऊन बसलेला तो पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा आपल्यापैकीच कोणाचा तरी मुलगा आहे.

शेवटी

आमच्या मुलाच्या गाडीचे काय झाले, ते सांगतो. त्याच्या कॅलिपरच्या खालच्या पिनेची रबरी टोपी फाटली होती. रस्त्यात साचलेले पाणी आत गेले, ग्रीस धुऊन निघाले आणि पिन गंजून घट्ट बसली. एका ओळखीच्या मेकॅनिकने पिन साफ केली, नवी टोपी बसवली, ग्रीस लावले. सामानाचा खर्च एका वेळच्या जेवणाहून अधिक आला नाही. त्या दिवशी बसवलेला सेट आजही चालू आहे आणि दोन्ही पॅड सारखे झिजत आहेत.

मग आधीच्या तीन वेळी हे का झाले नाही? गॅरेजवाले वाईट होते म्हणून नव्हे. पॅड बदलण्याचे पैसे मिळतात, कारण शोधण्यात गेलेल्या अर्ध्या तासाचे कोणी देत नाही. आणि मुलाला अर्धा तास थांबणे परवडत नव्हते, कारण गाडी उभी राहिली की त्याची कमाई उभी राहते. दोघांनाही घाईच होती, आणि त्या घाईची किंमत कदाचित रस्त्यावर मोजावी लागली असती. म्हणून माझी आपणांस एक विनंती आहे. गॅरेजमध्ये गेल्यावर जुने पॅड परत मागा, ते दोन्ही शेजारी ठेवून पाहा, आणि मेकॅनिकला कारण शोधण्याच्या वेळेचेही पैसे द्या. ते पैसे फुकट जात नाहीत.

मी आयुष्याची पुष्कळ वर्षे कामगारांत काढली. दोघांच्या कामावर एकच माणूस राबत असला आणि तो खचला, की त्याच्या जागी नवा माणूस आणतात. तोही खचला, की तिसरा. शेजारचा का हलत नाही, किंवा त्याला हलू का दिले जात नाही, हे पाहावयास कोणी वाकत नाही. ब्रेकपुढे बसून पिन सोडवताना मला हे पुष्कळदा आठवते.

पाऊस महिनाभरावर आला आहे. पाणी साचण्याआधी एका रविवारी सकाळी गाडी स्टँडवर घ्या आणि दडलेला पॅड एकदा पाहून घ्या.